भिंगरीची वाऱ्यातली शिकवणी

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर आमची वस्ती आहे. मांजरा याच डोंगरात उगम पावते आणि याच डोंगरावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यावरून इथल्या वाऱ्याची कल्पना यावी. रोहिणी सरता सरता पश्चिमेचं वारं जोर धरतं, ते श्रावण संपेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. घराच्या पत्र्यावर दगड ठेवावे लागतात, वाळत घातलेली लुगडी बाभळीवरून काढून आणावी लागतात. अशा रानात मी आणि माझे सासरे मिळून एका कुत्रीला माणसाचा माग काढायला शिकवतोय. तिचं नाव भिंगरी. मागच्या दिवाळीच्या आसपासचा तिचा जन्म.

मोबाईलवर कुत्र्यांच्या शिकवणीचे जितके व्हिडिओ बघितले, तितक्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: वारं शांत असलेली सकाळ निवडा. सुरुवातीला ते बरोबरच आहे. पण पुढं काय? माणूस हरवतं ते वारं बघून हरवत नाही. म्हणून आम्ही वाऱ्यातच शिकवायचं ठरवलं. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आधी हे कशासाठी, ते सांगते. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. शेजारच्या वस्तीवर एक आजी आहेत. त्यांना विसर पडतो. संध्याकाळ झाली की त्यांना माहेरी जायचं असतं आणि कुणाचं लक्ष नसलं की त्या उठून चालू लागतात. परवाच्या साली थंडीत अशाच गेल्या. सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन रात्रभर फिरली आणि पहाटे त्या ओढ्याच्या कडेला सीताफळीच्या झुडपाआड सापडल्या. जिवंत होत्या, पण हातपाय गारठून लाकूड झाले होते. त्या रात्रीपासून माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, मनानं घेतलं की आपल्या वस्तीवर माग काढणारं कुत्रं पाहिजे.

मामांची नोकरी पोलीस श्वानपथकात झाली. वर्तमानपत्रात नेहमी एक वाक्य येतं, ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले’. ते वाचून लोकांना वाटतं, कुत्र्याला काही जमलं नाही. मामांना हे मनापासून लागतं. ते म्हणतात, कुत्रं तिथं पोचायच्या आधी सगळं गाव त्या वाटेवरून चालून गेलेलं असतं, डांबर तापलेलं असतं आणि चोर गाडीत बसून निघून गेलेला असतो. गाडीत बसलेल्या माणसाचा माग रस्त्यावर कुठून राहणार? ‘इथं तो गाडीत बसला’ एवढं कुत्र्यानं सांगितलेलं असतं, आपल्याला ते वाचता येत नाही. कोर्टाचं मात्र वेगळं. १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की कुत्र्यानं काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फार वजन देता येत नाही, कारण कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. मामांना ते मान्य आहे. हरवलेली आजी शोधायला कोर्ट लागत नाही, एवढंच ते म्हणतात.

भिंगरीची आई लातूरकडची कारवानी, बाप गावातलाच. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, पाय काठीसारखे सरळ. कारवानी कुत्रं मुळात डोळ्यानं शिकार करणारं. पूर्वी ही कुत्री सशामागं सोडायचे. आता त्याला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. पण त्या रक्ताची सवय राहते. माळावर काही हललं की मान वर, कान मागं आणि नजर लांब. अशा कुत्रीचं नाक जमिनीला लावायचं हे पहिलं काम होतं. मामा तर म्हणाले होते, गावठी बापामुळंच हिच्याकडून आशा आहे.

पहिले धडे थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे मिळतात. पौषात, विहिरीजवळच्या दंवानं ओल्या गवतावर, उजाडता उजाडता. माझी लेक आधी एका जागी पाय घासून उभी राहायची. ते मागाचं ठाणं. तिथून पंचवीस-तीस पावलं सरळ चालायची आणि प्रत्येक पावलात उकडलेल्या कलेजीचा बारीक तुकडा ठेवायची. शेवटी तिचा रुमाल आणि त्याखाली मूठभर खाऊ. पिल्लाला छातीपट्टा घालायचा, ठाण्यावर आणायचं, ‘माग घे’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. गळपट्ट्यावर कधीच नाही. ओढ लागली की गळा आवळतो आणि गळा आवळला की वास घेणं थांबतं. हळूहळू तुकडे एकाआड एक पावलात, मग पाच पावलांत एक. मग वळण, मग अर्धा तास जुना माग.

या पाच पावलांवरून एक गोष्ट आठवली. माग कुठल्या दिशेनं गेलाय हे कुत्र्याला कसं कळतं, यावर बेलफास्टच्या संशोधकांनी २००५ साली प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या कुत्र्यांना दिशा ओळखता येत होती, त्यांना एकापाठोपाठ एक पाच पावलं हुंगायला मिळाली की ती दिशा पकडायची, तीनच मिळाली तर नाही. पहिल्या आणि पाचव्या पावलात काही सेकंदांचं अंतर. तेवढ्यात वासात पडलेला फरक त्या नाकाला कळतो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. हे वाचलं त्या दिवशी मी भिंगरीच्या नाकाकडं कितीतरी वेळ बघत बसले होते. ओलं, काळं, खडबडीत. दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखी एकेक चीर. श्वास आत घेते ती समोरून आणि सोडते ती त्या बाजूच्या चिरांतून, म्हणजे सोडलेल्या श्वासानं समोरचा वास उधळत नाही. माग घेताना हे इतक्या भरभर चालतं की फुसफुस असा सलग आवाज येतो. तो आवाज मी आता पाठीमागं कासऱ्याच्या टोकाला उभी राहून ऐकते. वास हरवला की आवाज बदलतो, लांब आणि मोकळे श्वास सुरू होतात. शेपटी आणि कान नंतर सांगतात, श्वास आधी सांगतो.

फाल्गुनात वारं सुरू झालं तशी खरी शिकवणी सुरू झाली.

ज्वारी काढून झाली होती, रानात धसकटं उभी होती. पुतण्यानं पूर्वेकडच्या बांधापासून चिंचेपर्यंत उत्तर-दक्षिण सरळ माग टाकला. वारं पश्चिमेचं, म्हणजे मागाला आडवं. भिंगरी ठाण्यावरून नीट निघाली आणि दहा-बारा पावलांवर डावी-उजवी करत मागाच्या पूर्वेला सरकली. मग तिथूनच, मागाशी समांतर, चार-पाच हात अंतर ठेवून ताठ चालू लागली. पुतण्या ओरडला, “काकू, चुकली ती! मी तिकडून गेलोच नाही!”

मामा बांधावर बसले होते. म्हणाले, “कासरा ओढू नको. ती चुकली नाही. वारं कुठून यायलंय ते बघ.”

मग त्यांनी मूठभर फुफाटा उचलून सोडला. तो सरळ खाली पडला नाही, पूर्वेला गेला आणि बराचसा धसकटांच्या बुडाशी जाऊन बसला. भिंगरी चालत होती त्याच पट्ट्यात.

मामांनी मला हे खळ्यावरच्या उफणणीवरून समजावलं, आणि मला त्याहून चांगलं समजावणं कुठं सापडलं नाही. वाऱ्यावर पाटी धरली की दाणा पायाशी पडतो, भुसा लांब जातो. माणूस चालतं तेव्हाही दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे पायाखाली चिरडलेलं गवत, उकरलेली माती, चपलेचा वास. हा दाणा, तो पावलातच राहतो. दुसरी म्हणजे अंगावरून सतत झडणारे कातडीचे कण, मिनिटाला तीस-चाळीस हजार, डोळ्याला न दिसणारे. हा भुसा. वारं नसलं तर दोन्ही एकाच जागी मिळतात. वारं असलं की दोघांची फारकत होते. माणसाची ओळख त्या भुशात जास्त असते, कारण चिरडलेलं गवत कुणाच्याही पायाखालचं सारखंच. म्हणून पावलापासून चार हात लांब चालणारं कुत्रं बरोबर चालत असतं. ते माणसाच्या वासावर असतं.

हे एकदा डोक्यात बसलं की कासरा धरणाऱ्याचं काम बदलतं. पुतण्या कुठून गेला यापेक्षा, तो गेला तिथून त्याचा वास कुठं गेला असेल, हे बघायला लागते. त्यासाठी आम्ही जवळ दोन गोष्टी ठेवतो. चुलीतली वस्त्रगाळ राख, जुन्या पायमोज्यात भरलेली. एक टिचकी मारली की वाऱ्याची दिशा दिसते. आणि रुईचा कापूस, ज्याला लेकरं म्हातारी म्हणतात. राख लगेच विरते, पण म्हातारी तरंगत लांबपर्यंत जाते. कुठं वळते, कुठं खाली बसते, कुठं गोल फिरते, हे सगळं दाखवते. आणि हे गुडघ्याच्या उंचीवर बघायचं. माझ्या तोंडावर जोराचं वारं लागत असतं तेव्हा भिंगरीच्या नाकाजवळ ते निम्मंही नसतं, आणि उभ्या पिकात तर कधी कधी उलट्या दिशेचं असतं.

बांधाचं उदाहरण घ्या. वारं बांधावर आपटतं, वरून उडी मारतं आणि पलीकडच्या आडोशाला भोवरा होऊन खाली बसतं. तिथं वास साचतो. आमच्या पश्चिमेच्या वाऱ्यात प्रत्येक बांधाच्या पूर्वेकडच्या गवतात असा साठा असतो. पुतण्या बांधाच्या पश्चिमेकडून चालत गेला, तरी भिंगरी बांध ओलांडून पूर्वेच्या बाजूनं जाते. चर, पांदीची कुपाटी, सीताफळीची झुडपं, दगडांचा ढीग, सगळ्यांचं असंच. मोकळ्या बरडावर मुरूम आणि कुसळी गवत, तिथं धरून ठेवायला काही नसतं, तिथं ती धडपडते. खालच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडल्या होत्या. तिथं ती भेगेत नाक खुपसून चालायची. वरची माती वाऱ्यानं पुसली तरी भेगेत पडलेलं भेगेतच राहतं. हे तिला आम्ही शिकवलेलं नाही.

आता दिशांबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नवीन कुत्र्याला वाऱ्यात पहिल्यांदा घ्यायचं तर वारं पाठीवर घ्या. म्हणजे माग वाऱ्याच्या दिशेनं पुढं जाणारा टाका. पुढचा वास आणखी पुढं वाहून जातो, नाकाशी येत नाही. मग कुत्र्याला खाली मान घालून एकेक पाऊल शोधावंच लागतं. वारं तोंडावर असलं की उलटं होतं. पुढच्या सगळ्या मागाचा, शेवटी बसलेल्या माणसाचा आणि खाऊचा वास एकदम समोरून येतो. मान वर होते, कुत्रं माग सोडून सरळ माणसाकडं धावतं. भिंगरीसारख्या वर बघायची सवय असलेल्या कुत्रीला तर ते फारच सोपं. दोन-चारदा तसं धावायला मिळालं असतं तर तिनं नाक खाली घातलंच नसतं. म्हणून फाल्गुन-चैत्रात आम्ही माग पाठीवरच्या आणि आडव्या वाऱ्यातच टाकले. तोंडावरचं वारं नंतर दिलं.

आणि वारं जोराचं असेल तेव्हा पावलातले तुकडे बंद. कलेजीचा वासही वाऱ्यावर जातोच. मग कुत्रं माणसाचा माग सोडून कलेजीचा माग घेतं. खाऊ फक्त शेवटी, आणि तोही डब्यात झाकून. माग टाकणाऱ्यानं स्वतः तो उघडून द्यायचा. मामांचं म्हणणं, बक्षीस माणसाकडून मिळालं पाहिजे, जमिनीतून नाही. कारण आपल्याला माणूस शोधायचं आहे.

वळणांवर वाऱ्याची खरी परीक्षा होते. पाठीवर वारं घेऊन आलेल्या मागानं उजवीकडं काटकोनात वळण घेतलं, तर आधीच्या सरळ मागाचा वास वळणाच्या पुढंही वाहून गेलेला असतो. कुत्रं वळण ओलांडून दहा-पंधरा हात पुढं जातं. मग तो वास विरळ होत संपतो आणि ते थांबतं. इथं जे घडतं ते बघण्यासारखं असतं. भिंगरीची शेपटी एकदम सरळ होते, डोकं झटक्यात मागं वळतं, आणि ती आधी छोटा, मग मोठा घेरा घेते. नाव भिंगरी कशासाठी ठेवलं होतं ते तेव्हा पटतं. (नाव ठेवलं लेकीनं, पिल्लू स्वतःच्या शेपटीमागं फिरायचं म्हणून.) घेऱ्यात कुठंतरी ती नव्या मागाला काटते, श्वासाचा आवाज परत फुसफुस होतो, आणि कासरा ताणला जातो.

तो घेरा घेईपर्यंत माणसानं काय करायचं? काहीच नाही. उभं राहायचं. मामांनी दहा मीटरच्या नायलॉनच्या चपट्या पट्टीचा कासरा करून दिलाय, त्याला अंतरा-अंतरावर गाठी आहेत. हाताला गाठ लागली की किती सोडलाय ते न बघता कळतं. ती फिरायला लागली की मी जागेवर थांबते आणि कासरा डोक्यावरून फिरवत सैल सोडते. तिच्याकडं एक पाऊलही टाकत नाही. आपण एका बाजूला कललो तरी कुत्रं ते ओळखतं आणि आपल्या मनातल्या दिशेला जातं. यासाठीच थोडं जमायला लागल्यावर माग कुठून गेलाय हे मला न सांगता टाकायला सुरुवात केली. पुतण्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बाभळीला बांधून जायचा, पण त्यांचा अर्थ फक्त मामांना माहीत. कुठली चिंधी वळणाची, कुठली नुसतीच फसवी. ते लांबून बघत असायचे. मला वाट माहीत नसली की भिंगरीवर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नसतो. तीही ते जाणते. माझ्याकडं वळून बघणं तिनं तेव्हापासून जवळजवळ सोडून दिलं.

दिवसाच्या वेळेचाही वाऱ्याशी फार संबंध आहे. सकाळी ऊन चढलं की तापलेल्या उतारावरून हवा वर जाते, वासही डोंगर चढतो. संध्याकाळी जमीन निवली की गार हवा उतारानं ओढ्याकडं वाहते. माणूस वर माळावर असलं तरी वास खाली ओढ्यात साचतो. मग कुत्रं आधी ओढ्यात जातं आणि तिथून चढाला लागतं. ती आजी हरवली त्या रात्री आमच्याकडं कुत्रं असतं तर त्यानं सरळ ओढाच धरला असता, असं मामा म्हणतात. दुपारी मात्र काही करू नये. भर उन्हात वारं गरम, जमीन भाजलेली, वावटळी उठतात आणि वासाचा मेळ राहत नाही. कुत्रं धापा टाकायला लागलं की तोंडानं श्वास घेतं, आणि तोंडानं श्वास घेणाऱ्या कुत्र्याला वास नीट घेता येत नाही. वाऱ्यात घाम वाळतो तशी आपल्याला तहान कळत नाही, कुत्र्याचंही तेच. मी पाण्याची बाटली कमरेलाच बांधते. माग सुरू करायच्या आधी पाजते, मध्ये थांबले की पाजते आणि तिचं नाकही ओल्या फडक्यानं पुसते. वाऱ्यानं कोरडं पडलेलं नाक आणि ओलं नाक यात किती फरक पडतो ते एकदा करून बघा.

मृगाच्या वाऱ्यात एक वेगळीच अडचण आली. वारं एकसारखं असलं की कुत्रं त्याचा अंदाज बांधतं, पण मृगाआधी ते झटक्या-झटक्यानं येतं. क्षणात जोर, क्षणात शांत, क्षणात दिशा बदललेली. भिंगरी आडव्या वाऱ्याला सरावलेली होती. झटका आला की ती मागापासून लांब जायची, शांत झालं की परत पावलांवर यायची आणि गोंधळून उभी राहायची. तेव्हा पौषातल्या त्या पावलापावलाच्या शिकवणीचा उपयोग झाला. वरचा वास फाटून गेला की ती आपसूक मान खाली घालून पावलातला वास धरायची. म्हणून माझं मत सांगते. पावलात नाक खुपसून चालवणं पक्कं करावं, पण त्याचाच हट्ट धरू नये. स्पर्धेत प्रत्येक पावलाला गुण असतात, तिथं तो हट्ट योग्य आहे. आम्हाला गुण नको आहेत. शेवटच्या टप्प्यात वारं तोंडावर आलं, तिनं मान वर केली आणि हवेतूनच माणूस टिपलं, तर मी तिला अडवत नाही. कासरा सोडत तिच्यामागं पळते.

सध्या तुरी कमरेएवढ्या झाल्यात आणि सोयाबीन काढणीला आलंय. तुरीत तर वाऱ्याचं गणितच बदलतं. दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांतून वास नळीतून वाहावा तसा वाहत जातो. वारं पश्चिमेचं आणि ओळी पूर्व-पश्चिम असतील तर पार पलीकडच्या बांधापर्यंत. ओळी दक्षिण-उत्तर असतील तर पहिल्या दोन-तीन ओळींतच अडतो. आमच्या दोन वावरांत ओळी वेगवेगळ्या दिशांना आहेत. एकाच माणसाचा माग दोन्हीकडं टाकला, तर भिंगरी दोन वेगळ्याच तऱ्हेनं चालते. हे बघायला मामा उन्हातही येऊन बसतात. पंच्याहत्तरीला आले तरी.

त्या आजींचं सांगायचं राहिलं. त्यांच्या सुनेशी बोलून आम्ही एक केलं. आजींना संध्याकाळी चालायचं असतंच, तर नातीबरोबर चालू द्यायचं. नात हात धरून त्यांना म्हणतील तिकडं जाऊ देते, कधी चिंचेपर्यंत, कधी ओढ्यापर्यंत, आणि दोघी एखाद्या झाडाखाली टेकतात. अर्ध्या-पाऊण तासानं आम्ही निघतो. आजींची उशाची गोधडी भिंगरीला हुंगवायची आणि ‘माग घे’. वाटेत दोघींचा वास बरोबर असतो, म्हणून मधूनमधून नात वेगळ्या वाटेनं निघून घरी येते आणि आजींवर सून लांबून लक्ष ठेवून थांबते. फाटा फुटतो तिथं भिंगरीनं गोधडीवाल्या वासामागं जायचं. आता ती जाते. वारं असलं तर फाट्यावर दोन घेरे जास्त घेते, पण जाते.

सापडल्यावर ती आजींसमोर बसते आणि पुढचा पाय त्यांच्या मांडीवर ठेवते. आजींना ती दर वेळी नवीन असते. “कुणाची गं ही कुत्री? लई उपाशी दिसायलीय,” म्हणतात आणि ओच्यातला भाकरीचा तुकडा काढून देतात. तो तुकडा सुनेनं आधीच त्यांच्या ओच्यात ठेवलेला असतो. कलेजीच्या डब्याकडं भिंगरी तेव्हा बघतसुद्धा नाही. वारं असेल तर आजी तिच्या पाठीवर पदर धरतात.

अजून बरंच बाकी आहे. डांबरी रस्ता ओलांडून पलीकडं माग परत धरणं तिला जमत नाही. गाड्या गेल्या की वारं रस्त्यावरचं सगळं झाडून कडेच्या गवतात टाकतं, तिथं तिनं दोन्ही कडा तपासायला शिकलं पाहिजे. शेळ्यांच्या कळपानं तुडवलेला माग अजून कच्चा आहे. आणि थंडीत वारं पूर्वेकडून यायला लागलं की आमच्या बांधांचे सगळे आडोसे उलटे होतील. आतापर्यंत तिनं सगळं पश्चिमेच्या वाऱ्यावर शिकलंय, त्यामुळं दसऱ्याच्या आत पूर्वेच्या वाऱ्याची एक तरी सकाळ मिळावी, असं वाटतं. ऊसतोडीच्या गाड्या भरून गेल्या की वस्त्या मोकळ्या होतात. त्याआधी तिची तयारी व्हायला हवी.

एक अडचण तुमच्यापैकी कुणी सोडवू शकेल. आमच्या घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यांचे वास भिंगरीला आता पाठ झालेत. माग टाकायला अनोळखी माणसं लागतात. पाटोदा, शिरूर, जामखेड, भूम या बाजूला राहत असाल आणि तासभर आमच्या रानात चालायची तयारी असेल, तर या. सकाळी सहाच्या आत या आणि चपला जुन्या घाला. रात्री वापरलेली एखादी टोपी किंवा रुमाल पिशवीत गाठ मारून आणा, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. चहा-भाकरी आमच्याकडं. वारं असेल, ते असणारच आहे, म्हणून परत जाऊ नका.